वासंतीबाई आणि खालचं पाणी

दिल्लीजवळच्या द्वारकेतल्या सप्तधारा सोसायटीत वासंतीबाई दोन होत्या. एक जमिनीवरची, एक पाण्यातली. जमिनीवरची वासंतीबाई गुडघ्याला पट्टा बांधून लिफ्टमधून बाहेर पडायची ती अशी : आधी काठी, मग उजवा पाय, मग एक लांबलचक 'आई गं', आणि मग डावा पाय. पाण्यातली मात्र पाठीवर आडवी व्हायची, डोळे मिटायची आणि इतक्या सहज हात टाकत पलीकडच्या काठाला लागायची, की बघणाऱ्याने विचारावं, या बाईंना गुडघे आहेत तरी कुठे?

त्यांचं पोहणं शिरोळकडचं. वडिलांनी पाठीला पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा बांधला आणि मळ्यातल्या विहिरीत सोडून दिलं. आता झालं असं, की वडिलांची गाठ निघाली ढिली. बिंडा सुटून एका बाजूला गेला आणि पोरगी दुसऱ्या बाजूला. वडील धोतर खोचून उडी टाकणार, तोवर पोरगी हातपाय मारत पायरीला लागली होती आणि वर बघून विचारत होती, "आबा, लाकूड बुडालं का हो?" त्यानंतर तिला काही बांधावं लागलं नाही. उलट लग्न होईपर्यंत गावातल्या पोरांना मुटका कसा मारायचा ते तीच दाखवायची, आणि तिचा मुटका असा, की काठावर वाळत घातलेली धुणी पुन्हा पिळावी लागायची.

लग्न झालं ते फौजेतल्या कृष्णातरावांशी. मग अंबाला, जबलपूर, दिल्ली कॅन्ट असा संसार फिरत राहिला. पण क्वार्टर कुठलंही असो, आजूबाजूला सातारा, सांगली, कोल्हापूरचीच बिऱ्हाडं. त्यामुळे वासंतीबाईंच्या हिंदीचं आवरण तेवढं हिंदी राहिलं, आतलं सारण मराठीच. अंबाल्याला बरेलीकडची एक शेजारीण त्यांच्याकडे पुरणपोळी शिकायला यायची. हसरी बाई. स्वतःच्या वाकड्या पोळीला हसायची, वासंतीबाईंच्या गोल पोळीलाही हसायची. एकदा वासंतीबाई लटक्या रागाने म्हणाल्या, "चेष्टा मत करो." मराठीत याचा अर्थ, थट्टा करू नका. हिंदीत झाला, प्रयत्न करू नका. बिचारीने लाटणं ठेवलं, पदराला हात पुसले आणि डोळे भरून घरी निघून गेली. समजूत घालायला कृष्णातरावांना तिच्या घरी जावं लागलं, ते ताटभर पुरणपोळ्या घेऊन. पुढे त्या दोघी इतक्या सख्ख्या झाल्या, की बदली झाली तेव्हा दोन्ही नवऱ्यांना सामान एकट्यांनीच बांधावं लागलं, या दोघी गळ्यात गळे घालून बसलेल्या.

सगळ्या संसारात पोहणं मात्र राहून गेलं. कृष्णातराव सुभेदार होऊन निवृत्त झाले, मुलगा विनय गुडगावात नोकरीला लागला आणि मंडळी सप्तधारेत राहायला आली. तिथे दोन इमारतींच्या मध्ये निळ्या फरशीचा तलाव. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलं होतं. चालताहेत कसल्या. पहिल्याच सकाळी वासंतीबाईंनी पाण्याला नमस्कार केला, दोन पावलं चालल्या आणि तिसऱ्याला आडव्या झाल्या.

सोसायटीच्या नियमाप्रमाणे मनगटापासून घोट्यापर्यंतचा नायलॉनचा पोशाख आणि टोपी घालावी लागे. तो चढवून त्या पहिल्यांदा बाहेर आल्या तेव्हा कृष्णातरावांनी चष्मा पुसून पाहिलं.

"ही कुठल्या पलटणीची वर्दी म्हणायची?"

"पाणपलटण," वासंतीबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही पहारा करायचा. पेपर घ्या, चला."

नाव पडलं ते पडलंच. हळूहळू पाणपलटणीत भरती होऊ लागली. सेक्रेटरी सचदेवाजींच्या पत्नी चेतना आल्या, पुण्याची संपदा आली, गुडघेवाल्या, पाठदुखीवाल्या, नुसत्याच गप्पांना आलेल्या. त्या सकाळच्या तासाभरात वासंतीबाईंना दुखणं आठवायचं नाही. कृष्णातराव काठावर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसत. त्यांना स्वतःला पोहता येत नसे. चेतनाजींनी एकदा विचारलं, "भाईसाहब, कोई डूबने लगी तो आप क्या करेंगे?" कृष्णातराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "सीटी बजाऊंगा."

या उन्हाळ्यात पाणी बिघडलं. म्हणजे बिघडत बिघडत आलं होतं, उन्हाळ्यात लपेनासं झालं. वरून बघावं तर ताकाच्या निवळीसारखं, आणि खोल बाजूच्या कोपऱ्यात हिरवट झाक. पाय खाली सोडला की तळाशी वेगळंच गार, जड पाणी लागे. तलावाचं यंत्र तसं सरळ असतं. पंप वरून आणि तळातून पाणी ओढून घेतो, वाळूच्या टाकीतून गाळतो आणि भिंतीतल्या तोंडांतून परत सोडतो. पाणी फिरत राहिलं की निर्मळ राहतं. इथे पंप रात्रंदिवस घरघरत होता, आणि पाणी काही फिरत नव्हतं.

सचदेवाजी स्वस्थ बसले होते असं नाही. माणूस मनाचा मोठा. बँकेतून निवृत्त झालेला, सोसायटीसाठी धावपळ करणारा. एकच गोष्ट, नवीन यंत्र दिसलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. त्यांच्या स्वयंपाकघरात भाजी धुताना गाणं म्हणणारं एक भांडं होतं. चेतनाजी त्यात चिल्लर ठेवायच्या. तर तलावासाठी त्यांनी टायवाला एक विक्रेता गाठला. त्याने पहिल्या वर्षी एक निळी चकती आणली, पोळपाटाएवढी. ती पाण्यात ठेवली की म्हणे पाण्याचे कण एका ओळीत उभे राहतात. पुरावा म्हणून त्याने चकतीवर लिंबू ठेवून कापलं आणि सगळ्यांना चाखवलं. सचदेवाजींना ते गोड लागलं. कृष्णातरावांना आंबटच लागलं. "फौजेत नवे रंगरूट एका ओळीत उभे करताना माझा घसा बसायचा," ते घरी येऊन वासंतीबाईंना म्हणाले, "आणि हा पाण्याला उभं करतोय."

त्यानंतर पाणी जरा गढूळ झालं, म्हणून दुसऱ्या वर्षी पंपाच्या नळीला चुंबकाचं कडं बसवलं. त्याचा उपयोग एकट्या राजवीरला झाला. राजवीर म्हणजे पंप चालवणारा, रोहतककडचा गडी. तो आपला पाना आणि किल्ल्या त्या कड्याला चिकटवून ठेवायचा आणि सांगायचा, मशीन एक नंबर आहे, कधीपासून काही हरवलं नाही. यंदा आला सूर्यावर चालणारा तांब्याचा चेंडू. तो दिवसभर तरंगे आणि त्यावर कावळा बसे. आणि आता सचदेवाजींच्या हाती नवा कागद होता, भोवरा-यंत्राचा. नळीतच बसवायचं, पाणी त्यातून गरगरत जाणार.

पण या वेळी बाकीची कमिटी कंटाळली. "बस हो गया," एकजण म्हणाला. तलाव बुजवावा, वर फरशी घालावी, लग्न-वाढदिवसांना हॉलसारखी जागा होईल. रविवारच्या सभेत ठराव मांडायचं ठरलं.

ही बातमी वासंतीबाईंना चेतनाजींनी पाण्यातच सांगितली. वासंतीबाई तशाच काठाला लागल्या. वर आल्या, टॉवेल घेतला, आणि खुर्चीवर बसताना त्यांच्या तोंडून ते 'आई गं' निघालं. कृष्णातरावांनी पेपर मिटला. बाईंचा चेहरा त्यांना वाचता येत होता. तलाव गेला म्हणजे पाण्यातली वासंतीबाई गेली, घरात उरणार ती फक्त काठीवाली.

"जा आणि भांड," ते म्हणाले.

"भांडायला जातेच आहे. चहा घेऊन जाते."

भांडण वगैरे झालं नाही. सचदेवाजी स्वतःच वैतागले होते. "भाभीजी, रविवार तक पूल आपके हवाले," त्यांनी हात जोडले. "साफ हो गया तो मैं खुद प्रस्ताव के खिलाफ बोलूंगा. राजवीर आपकी सुनेगा."

आता वासंतीबाईंना काही पंपशास्त्र येत होतं असं नव्हे. पण रोज पाण्यात असल्यामुळे त्यांनी एक अंदाज बांधला होता. भिंतीतली ती पाणी सोडणारी तोंडं वर वळलेली आहेत, म्हणून वरवरचं पाणी नाचतं आणि तळाचं झोपून राहतं. तोंडं खाली वळवली की खालचं पाणी उठेल. कृष्णातरावांनी ऐकून घेतलं. "तुझं म्हणणं चूक असेल," ते म्हणाले, "पण चकतीपेक्षा बरं आहे."

दुसऱ्या दिवशी फरीदाबादला भाच्याच्या मुलीचं बारसं होतं. मुक्काम करायचा होता. मेट्रोत बसल्यावर वासंतीबाईंना आठवलं, की राजवीरला सांगायचं राहिलंच. डब्यात गर्दी, स्टेशनांची नावं मोठमोठ्याने पुकारली जाताहेत, आणि त्यांनी फोनमध्ये ओरडून सांगितलं,

"राजवीर, सुनो. उस कोने से शुरू करो और सब खाली करो."

"सब, आंटी?"

"सब. एक भी ऊपर मत रखना."

"पूरा खाली?"

"पूरा. जितना जाता है उतना."

"सेक्रेटरी साहब से पूछ लूं?"

"पूल किसके पास है?"

"आपके पास."

"फिर?"

फोन बंद करून त्या समाधानाने टेकून बसल्या. शेजारी कृष्णातराव डुलकी काढत होते. ते जागे असते तर पुढचं काही झालं नसतं, म्हणून त्या डुलकीचे आभारच मानायला हवेत.

बारसं छान झालं. वासंतीबाईंनी पाळणा म्हटला, घुगऱ्या खाल्ल्या, मुलीचं नाव शिवांजली ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं सोसायटीच्या फाटकातून आत येतात तो चेतनाजी समोर. डोक्यावर ओढणी, हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर काय झालंय ते धड सांगता येत नाही असा भाव.

"भाभीजी," त्या म्हणाल्या, "पूल कहां गया?"

वासंतीबाई काठी टेकत गेल्या आणि काठावर उभ्या राहिल्या. तलाव होता. पाणी नव्हतं. उथळ बाजूची फरशी उन्हात वाळून पांढरी पडली होती. खोल बाजूला गुडघाभर पाणी उरलं होतं आणि त्यात एक टिल्लू पंप, ज्याला दिल्लीत टुल्लू म्हणतात, गुरगुरत होता. शेजारी राजवीर, पँट दुमडलेली, कामगिरी फत्ते केल्याच्या आनंदात.

"हो गया आंटी. थोड़ा सा बचा है."

"ये क्या किया?"

"आपने बोला, खाली करो."

"अरे, खाली मतलब नीचे. मुंह नीचे करो, पाणी नीचे जाए."

राजवीरने विचार केला. "आंटी, नीचे मतलब नीचे होता है. खाली मतलब खाली."

मागे काहीतरी फसफसल्यासारखा आवाज आला. कृष्णातरावांनी पेपर तोंडावर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. "अंबाला," एवढाच शब्द त्यांना उच्चारता आला.

वासंतीबाईंना हसू येईना. द्वारकेत उन्हाळ्यात टँकर यायचा तर लोक बाल्कनीत उभे राहून वाट बघतात. एवढं पाणी ओतून दिलं म्हटल्यावर रविवारच्या सभेत कुणाला तोंड दाखवणार? ठराव मांडायचीही गरज नव्हती. तलाव त्यांनी स्वतःच्याच जिभेने बंद पाडला होता. तेवढ्यात सचदेवाजी धावत आले, एका पायात चप्पल, एका पायात बूट.

"राजवीर, किसने बोला था?"

"मैंने," वासंतीबाई म्हणाल्या. "इसको कुछ मत बोलिए. हुकूम मेरा था, शब्द गलत गया."

सचदेवाजींनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "और पानी? नाली में?"

राजवीर दुखावला. "नाली में क्यों साहब. हम रोहतक के हैं, पानी फेंकते थोड़े हैं. आग वाली टंकी में डाला."

आग विझवायच्या पाण्याची जमिनीखालची टाकी दुरुस्तीसाठी कोरडी केलेली होती. आतून नवं प्लास्टर झालं होतं, आणि ते गळतं का बघायला ती भरून ठेवा, म्हणून ठेकेदार गेला आठवडा मागे लागला होता. राजवीरने एका दगडात दोन्ही कामं उरकली होती. तलावाचं पाणी थेंबभरही वाया न जाता टाकीत सुरक्षित बसलं होतं. वासंतीबाई मटकन खुर्चीवर बसल्या, आणि 'आई गं' म्हणायचं विसरल्या.

"अरे," चेतनाजी तळाकडे बघत म्हणाल्या. "वो क्या है?"

पाणी आता घोट्याएवढं उतरलं होतं. सगळ्यात खोल जागी, फरशीच्याच निळ्या रंगाचं, गोल काहीतरी चिकटून बसलं होतं. राजवीर वाकला. चेतनाजी शिडीने खाली उतरल्या, सलवार वर धरून जवळ गेल्या आणि त्यांनी बोटाने त्यावरचं शेवाळ पुसलं. आत पुसटसं लाल स्वस्तिक.

"ये तो मैंने बनाया था," त्या म्हणाल्या. "उद्घाटन के दिन. नारियल भी फोड़ा था."

सचदेवाजी काठावरून वाकले. "वो तो कंपनी वाले चार्जिंग के लिए ले गए थे."

"कौन ले गया? किसने देखा?"

कुणीच पाहिलं नव्हतं. चकती दिसेनाशी झाली, विक्रेत्याने चार्जिंगबद्दल काहीतरी सांगितलेलं होतं, म्हणून सगळे धरून चालले की ती गेली. ती गेली होती तळाच्या उतारावरून हळूहळू घसरत, थेट तळाच्या जाळीवर. त्याच जाळीतून पंप खालचं पाणी ओढतो. पंपाने ओढलं आणि चकती कढईवर झाकण बसावं तशी घट्ट बसली. तेव्हापासून पंप वरचंच पाणी गाळत होता, वरच सोडत होता. निळ्यावर निळं, त्यात पाणी गढूळ, दिसणार कुणाला? मग त्या गढूळ पाण्यासाठी कडं आणलं, कड्याने होईना म्हणून चेंडू आणला. वासंतीबाईंच्या अंदाजालाही यात काही जागा नव्हती. तोंडं खाली वळवून पाणी तसंच राहिलं असतं.

राजवीरने पाना घातला आणि रेटला. बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज झाला. उरलेलं पाणी जाळीतून गुळगुळ करत खाली जायला लागलं आणि सगळे ते बघत राहिले, जणू काही मोठा चमत्कार चाललाय.

सचदेवाजी काठावर बसले. बराच वेळ चकतीकडे बघत होते. मग त्यांच्या पोटातून हसू वर आलं, आधी नाकातून, मग तोंडातून. "मतलब पानी के कण लाइन में खड़े ही रह गए," ते म्हणाले, "आगे गए ही नहीं." मग कृष्णातरावांचा पेपर खाली पडला आणि सगळेच सुटले.

कोरडा तलाव काही रोज मिळत नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पाणपलटण खाली उतरली ती खराटे, नारळाच्या काथ्या आणि साबणाच्या बादल्या घेऊन. वासंतीबाईंना तळाशी खुर्ची टाकून दिली. त्यांनी खुर्चीवरून सूत्रं हलवायची, हे ठरलं होतं. पण पाळणा अजून डोक्यात होता, तो त्यांनी सुरू केला. कोरड्या तलावात आवाज असा घुमला, की त्यांना स्वतःलाच मळ्यातली विहीर आठवली. संपदाने पुढची ओळ उचलली, चेतनाजींनी शब्द न कळता ताल धरला. वरच्या बाल्कन्यांतून लोक डोकावले, काही खाली उतरले. कुणी समोसे पाठवले. सचदेवाजींनी चेंडू एकीकडे ठेवला आणि कोपऱ्यातली हिरवी फरशी स्वतः घासली, आणि घासताना पंपाच्या खोलीकडे बघून विचारलं, "कड़ा भी निकाल दें?"

"वो रहने दो साहब," राजवीर म्हणाला. "पाना कहां रखूंगा?"

टाकी गळत नाही अशी खात्री झाल्यावर पाणी परत तलावात आलं, वाळूच्या टाकीतून गाळून. पहिल्या दिवशी ते थोडं धुरकट होतं. वासंतीबाई सकाळ-संध्याकाळ काठावर जाऊन वाकून बघत, जशी बाई दह्याचं विरजण बघते. शनिवारी खालची फरशी धूसर दिसायला लागली. रविवारी सकाळी तर खोल बाजूला जाळीची एकेक फट मोजून घ्यावी.

सभा तलावाच्या काठावरच झाली, कारण सचदेवाजींचा तसा आग्रह. ठराव मांडणारे गृहस्थ उभे राहिले, पाण्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मैं वैसे भी हॉल के पक्ष में ज्यादा नहीं था." हात वर करायला सांगितलं तेव्हा तलाव ठेवावा म्हणून वर झालेल्या हातांत त्यांचाही होता. वासंतीबाई नायलॉनच्या पोशाखात, टोपीसकट, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मत द्यायला काठी लागत नाही, पण त्यांनी काठीच वर केली.

तेवढ्यात सचदेवाजींचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि तो दोन बोटांत धरून वासंतीबाईंपुढे केला. "भंवर मशीन वाला है. भाभीजी, आप ही बात कीजिए. पूल आपके हवाले है."

वासंतीबाईंनी फोन घेतला. पलीकडून भोवऱ्याचे गुण ऐकू येत होते. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

"भैया, एक बात बताओ," त्या म्हणाल्या. "आपको तैरना आता है?"

पलीकडून काहीतरी पुटपुटल्याचं ऐकू आलं.

"नहीं आता? फिर इतने दिन पानी का काम कैसे किया? एक दिन सुबह आ जाओ. मैं सिखाती हूं. मशीन मत लाना, टोपी लाना."

फोन सचदेवाजींच्या हातात देऊन त्यांनी काठी कृष्णातरावांकडे दिली आणि कठडा धरून पायऱ्या उतरू लागल्या. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. मग त्या आडव्या झाल्या. तळापर्यंत स्वच्छ पाण्यात त्यांची सावली खालच्या फरशीवरून त्यांच्याबरोबर चालली होती, अगदी सडसडीत, आणि एकही पाय न दुखणारी. मागून पाणपलटण धपाधप उतरली. चेतनाजी मध्यावर जाऊन थांबल्या आणि वळून नवऱ्याला म्हणाल्या, "बोलते ही रहोगे?"

"हां जी, हां जी," सचदेवाजी फोनमध्ये सांगत होते, "नहीं, सच में सिखाती हैं," आणि बोलता बोलता त्यांनी काठावर बसून चपला काढल्या.